कैफियतीआधीचा निकाल : प्रस्तावना

पुरानी बस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला रोज सकाळी दोन व्याकरणांतून चालावे लागते. उंबऱ्याच्या आत ‘तो गेला, ती गेली, ते गेले’ असा तीन लिंगांचा काटेकोर बंदोबस्त असतो. उंबरा ओलांडून टुरी हटरीकडे वळले, की भाजीचा पसरा मांडून बसलेली बाई ‘टुरा जाथे’ आणि ‘टुरी जाथे’ ही दोन्ही वाक्ये एकाच क्रियापदावर निभावून नेते, आणि जाणारा मुलगा की जाणारी मुलगी हे कर्त्यावरून समजले तेवढे पुरे, क्रियेने त्याची पुन्हा ग्वाही देण्याचे कारण नाही, असे जणू तिच्या भाषेचे म्हणणे असते. टुरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे छोटा बाजार. रायपूर शहराच्या या जुन्या भागात, जगन्नाथाच्या देवळालगत, मुलीच्या नावाने ओळखला जाणारा हा बाजार आमच्या आठवणीच्या पलीकडून भरत आला आहे. माझे सारे बालपण या दोन व्याकरणांमधल्या गल्लीत गेले, आणि पुढील पृष्ठांत जे संकलन वाचकांपुढे ठेवीत आहे त्याचे मूळही त्याच गल्लीत आहे.

या संकलनाचा विषय एका वाक्यात सांगता येतो, पण त्या वाक्याचा मोह आवरणे हाच त्याचा हेतू आहे. पुरुषपण कशाला म्हणावे आणि बाईपण कशाला म्हणावे, याविषयी आमच्या वस्तीतील मराठी व छत्तीसगढी कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींनी, तरुणांनी आणि काही अगदी लहान मुलांनीही जे सांगितले, ते येथे उतरवून घेतले आहे. आमच्या ओसरीवर रविवारी सायंकाळी बसणाऱ्या या बैठकीत पहिल्या दिवसापासून एकच अट होती : ‘बायका’ किंवा ‘पुरुष’ हा शब्द अनेकवचनी कर्ता करून वाक्य सुरू करावयाचे नाही, ज्याच्याविषयी बोलावयाचे ती व्यक्ती कोण, तिचे घर कोणते, काम कोणते, काळ कोणता, हे आधी सांगावयाचे आणि मग पुढे जावयाचे. अट ऐकून सर्वांनी माना डोलावल्या. परंतु पहिले तीन रविवार ओसरीवर जी शांतता पसरली तिने माझी खात्री पटविली, की या विषयावर आपण जे बोलतो त्यातला फार मोठा भाग त्या दोन अनेकवचनांच्याच खांद्यावर उभा असतो, आणि ती काढून घेतली की बोलणाऱ्याला प्रथमच आठवावे लागते, आपण प्रत्यक्ष काय पाहिले आहे.

मराठेशाहीच्या न्यायदानात निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादींची कैफियत घेण्याचा शिरस्ता होता; या संकलनातील निवेदनांना मी कैफियत म्हणते ते त्यावरूनच. छत्तीसगढचा मुलूख तर त्या अंमलाखाली बराच काळ राहिला : १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची फौज रतनपुरावर चालून आली, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार केला, पुढे सुभेदारांच्या हाताखाली परगण्यांची घडी बसली, १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. कारकून, कमाविसदार, पुरोहित, शिलेदार असे कोणी ना कोणी त्या काळात व त्यानंतरही नागपूरकडून या बाजूस येत राहिले. पुरानी बस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात, तात्यापाऱ्यात त्यांची घरे झाली. ती माणसे येताना देव्हारा घेऊन आली, मोडीचे दफ्तर घेऊन आली, आणि बाईमाणसाने कसे असावे, पुरुषमाणसाने कसे असावे याचा एक पक्का आराखडाही घेऊन आली. त्या आराखड्यात कैफियतीला जागा नव्हती. तेथे निकाल आधीच लागलेला होता.

माझी आजी बाजारात जात नसे. बाजार दाराशी येई. डोक्यावर लाल भाजीची टोपली घेऊन एक मरारिन, म्हणजे भाजीपाला पिकवून विकणाऱ्या जातीतील बाई, रोज आमच्या पायरीवर बसे. टोपली उतरविताना तिच्या मानेच्या शिरा ताठ होत, मग ती पदराच्या चुंबळीने कपाळ पुसी, जुड्या मोजी, आणि कमरेच्या चंचीतून सुटे पैसे काढून हिशेब अशा वेगाने करी, की पाटीवर बेरीज करणारी मी मागे पडत असे. आजी भाव पाडून घेई, पण पैसे देण्यासाठी तिला माजघरात जाऊन आजोबांच्या अंगरख्याच्या खिशाकडे पाहावे लागे, आणि आजोबा बाहेर गेलेले असले तर जुडी परत टोपलीत जाई. एके दिवशी त्या बाईने अगदी सरळपणे विचारले, ‘‘पइसा तोर हाथ म नइ रहय का, दाई?’’ त्या प्रश्नात हेटाळणी नव्हती, केवळ नवल होते. आजी काही बोलली नाही. रात्री मात्र तिने आईला सांगितले, ‘‘अगं, बायकांच्या हाती पैसा टिकत नाही म्हणतात, आणि ही बघ, हिच्या कमरेलाच सारा बाजार बांधलेला.’’ आजीने आयुष्यभर खरे मानलेल्या एका सिद्धान्ताला पहिला तडा तिच्या स्वतःच्या पायरीवर, दोन आण्यांच्या भाजीने पाडला होता.

बांगडीची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘हातांत बांगड्या भरल्या आहेत काय?’ हे विचारून मराठीत पुरुषाचा पाणउतारा करतात. काचेचा तो नाजूक गोल म्हणजे अवघ्या दुबळेपणाचे चिन्ह, असे तो वाक्प्रचार गृहीत धरतो. पण छत्तीसगढातील अनेक जातींमध्ये विधवा झालेली किंवा पहिल्या नवऱ्यापासून विभक्त झालेली स्त्री जेव्हा दुसरे घर करते, तेव्हा नव्या पुरुषाने तिला चुड्या घालणे एवढाच मुख्य विधी असतो, आणि त्या व्यवहाराला ‘चूड़ी पहिराना’ असेच म्हणतात. म्हणजे एका भाषेत जी वस्तू हात बांधल्याची खूण, तीच शेजारच्या भाषेत जगणे पुन्हा सुरू झाल्याची सनद. आमच्यातही पाट होता, मोहतूर होता; कुणबी, माळी, तेली घरांतील बाईला दुसरा संसार मांडता येई, आणि त्याच गावातील ब्राह्मणाच्या विधवेच्या बांगड्या फुटल्या त्या कायमच्या. मग ‘मराठी बाई अशी असते’ म्हणताना आपण यांतल्या कोणत्या बाईविषयी बोलतो? उत्तर बहुधा असे, की बोलणाऱ्याच्या आईविषयी; आणि बोलणारा ज्या जातीत, ज्या आळीत वाढला तिच्या भिंती तो अखिल स्त्रीजातीची मर्यादा समजून बसलेला असतो.

शब्दांच्या बाबतीत तर आपली परंपराच आपल्याला पदोपदी सावध करते, फक्त आपण थांबून ऐकत नाही. संस्कृतात पत्नीला तिन्ही लिंगांचे शब्द आहेत : भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी, आणि दारा हा तर पुल्लिंगी व तोही नित्य बहुवचनी. मराठीत दाढी आणि मिशी दोन्ही स्त्रीलिंगी, पदर पुल्लिंगी, कुंकू नपुंसकलिंगी. मूल जन्मते तेव्हा ‘ते’ असते. त्याचा ‘तो’ किंवा ‘ती’ आपण मागाहून करतो, आणि ‘पोर’ या शब्दाला तर तो, ती, ते हे तिन्ही दरवाजे उघडे आहेत. सांख्यांचा पुरुष निष्क्रिय साक्षी आहे आणि सारे कर्तृत्व प्रकृतीकडे आहे. ज्यांना स्त्री निष्क्रिय व पुरुष कर्ता हा सृष्टीचा नियम वाटतो त्यांनी निदान हे दर्शन आपल्या बाजूने साक्षीला काढू नये. ‘बायकी’ म्हणजे शिवी आणि ‘मर्दानी’ म्हणजे शाबासकी, हे खरे. परंतु ज्या भाषेने हा पक्षपात केला, त्याच भाषेला आपल्या सर्वांत लाडक्या देवाविषयी आणि ज्ञानेश्वरांविषयी मनातले बोलावयाचे झाले तेव्हा तिने ‘माउली’ हाच शब्द उचलला. पंढरीच्या वाटेवर तर मिशाळ, राकट, नांगर धरून हाताला घट्टे पडलेला वारकरीही समोरच्या अनोळखी माणसाला माउली म्हणूनच हाक मारतो, आणि त्यामुळे कोणाचे पुरुषत्व उणावल्याचे कधी ऐकिवात नाही. वात्सल्य हा बाईचा स्वभाव आहे म्हणणाऱ्यांनी त्या वाटेवर एकदा चालून पाहावे.

या विषयावर मराठीत पहिला ठाम आवाज उठला तोही वऱ्हाडातून, म्हणजे आमच्याच बाजूने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला होता, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जी झोड उठली, तिला हे उत्तर होते. ताराबाईंच्या युक्तिवादाची रीत मला अजूनही अनुकरणीय वाटते. स्त्रियांच्या नावावर मांडलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि विचारतात, हा पुरुषांत नाही काय? एका विधवेच्या अपराधावरून साऱ्या बायकांचा निवाडा करणाऱ्यांना त्या त्यांच्याच घरातील ताळेबंद दाखवितात. त्या छोट्या पुस्तकाची बाजू जोतीराव फुल्यांनी घेतली. त्यानंतर मात्र ते विस्मृतीत गेले, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वाचकांपुढे आणीपर्यंत जवळजवळ शतकभर मराठी सुशिक्षितांना त्याचा पत्ता नव्हता. एखादे सत्य सिद्ध होणे आणि ते दफ्तरी दाखल राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या शहराने राधाबाईंना विसरू दिले नाही, याचा मला अभिमान वाटतो. त्या नागपूरच्या, जन्म १८७५ चा. नवव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळच्या आराखड्याप्रमाणे पुढचा सारा मजकूर ठरलेला होता : केशवपन, आलवण, माजघराचा कोपरा. राधाबाई दाईचे काम शिकल्या, १९१८ मध्ये रायपुरास येऊन नगरपालिकेच्या नोकरीत रुजू झाल्या, आणि अडलेल्या बाईकडे रात्री-अपरात्री कंदील घेऊन धावणाऱ्या या सुईणीला लोकांनी आपणहून ‘डॉक्टर’ ही पदवी दिली. कोणत्याही विद्यापीठाची मोहर तिच्यावर नव्हती. १९२० नंतरच्या सत्याग्रहांत त्या उतरल्या, तुरुंगात गेल्या, सफाई कामगारांच्या वस्त्यांत जाऊन तेथील मुलांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालू लागल्या, आणि काही गावांत मुलींना नाचावयास लावून त्यांच्या देहावर घर चालविण्याची जी ‘किसबिन नाच’ नावाची चाल होती तिच्याविरुद्ध त्यांनी निकराचा लढा दिला. १९५० मध्ये त्या गेल्या. आज मठपाऱ्यातील मुलींच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्याच परिसरात दूधाधारी मठ आहे. तेथील वैरागी महंतांनी दिलेल्या देणगीतून १९५८ मध्ये रायपुरात मुलींसाठी महाविद्यालय उभे राहिले आणि मठाचे नाव आजही त्यावर आहे. संन्यासी म्हणजे स्त्रीपासून तोंड फिरविणारा, बालविधवा म्हणजे जगापासून तोंड लपविणारी. ही दोन्ही सामान्य विधाने पुस्तकी दृष्टीने निर्दोष आहेत, आणि मठपाऱ्याच्या रस्त्यावरून हजेरीला निघालेल्या मुलींच्या सायकलींनी ती रोज सकाळी खोटी ठरतात.

येथे एका उलट्या मोहाविषयी लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण त्यात मी स्वतः बराच काळ सापडले होते. छत्तीसगढची बाई बाजार चालविते, दुसरे घर करते, तिच्या भाषेचे क्रियापद तिला वेगळे काढत नाही. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ९९१ स्त्रिया आढळल्या, महाराष्ट्रात ९२९. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत तर येथे ९६९ आणि तिकडे ८९४. एवढे वाचून ‘छत्तीसगढी स्त्री मुक्त, मराठी स्त्री बद्ध’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. पण याच मुलखात एखाद्या एकाकी बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून तिला मारहाण करण्याचे, तिची धिंड काढण्याचे प्रकार इतके घडत आले, की २००५ मध्ये राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जिच्या कमरेला बाजार बांधलेला आहे, तिच्याच वाट्याला उद्या हा आरोप येऊ शकतो. किंबहुना जमिनीचा तुकडा नावावर असलेली निपुत्रिक विधवा त्याला अधिक सहज बळी पडते. स्तुतीचे सामान्यीकरण निंदेच्या सामान्यीकरणाइतकेच आंधळे असते, आणि अधिक फसवे, कारण त्यावर कोणी हरकत घेत नाही.

रंगभूमीचा दाखला दिल्यावाचून मात्र पुढे जाववत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शालू नेसून रंगमंचावर आले, की प्रेक्षागारातील गृहिणी त्यांच्या पदराची ठेवण, गजऱ्याची जागा, मान वळविण्याची लकब न्याहाळत आणि घरी जाऊन तसेच करून पाहत. उभ्या महाराष्ट्राला एका पिढीत कुलीन स्त्रीचे लावण्य एका पुरुषाने शिकविले. इकडे आमच्या नाचा या लोकनाट्यातही परीचे काम पुरुषच करीत आले. आणि पंडवानी या महाभारतकथेच्या गायनात याच्या उलट घडले : भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी, बायकांनी बसून गावे हा प्रघात मोडून, उभे राहून तंबुरा गदेसारखा खांद्यावर घेतला आणि भीम, दुःशासन, अर्जुन अंगात आणून दाखविले. तेराव्या वर्षी त्यांनी हे केले तेव्हा जातीने वाळीत टाकले. २०१९ मध्ये देशाने पद्मविभूषण दिले. बाईपण जर जन्मजात असेल तर ते बालगंधर्वांना कसे साधले, आणि भीमाची गर्जना जर पुरुषाच्याच छातीत मावत असेल तर ती त्या तंबुऱ्यातून कोठून उठली, हा प्रश्न मी आमच्या बैठकीत विचारला होता. एका वृद्ध तबलजींनी उत्तर दिले, की रियाजाने. आणि तो शब्द मी तेथल्या तेथे वहीत टिपून घेतला.

जे ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ या दोन्ही रकान्यांत बसत नाहीत त्यांना सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. पुढल्याच वर्षी छत्तीसगढातील रायगडच्या नागरिकांनी मधुबाई किन्नर यांना महापौर निवडले, आणि २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस दलात तृतीयपंथी समाजातील तेरा जण शिपाई म्हणून निवडले गेले. आमच्या बैठकीला त्या समाजातील एक व्यक्ती नियमाने येत असे. तिची कैफियत या पुस्तकातील सर्वांत लहान आहे. तिने जितके सांगितले तितकेच छापले आहे, एकही ओळ मी भरीस घातलेली नाही.

एक गोष्ट माझ्या घरातली. माझे थोरले काका तहसील कचेरीत कारकून होते. आवाज करडा, चालणे ताठ, आळीतली मुले त्यांना पाहून खेळ थांबवीत. काकूंना पक्षाघात झाला आणि त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा पहिल्या आठवड्यात शेजारची एक मुलगी येऊन त्यांची वेणी घालीत असे. नवव्या का दहाव्या दिवशी काकांनी तिला यायची गरज नाही म्हणून सांगितले. मी दाराआडून पाहत होते. त्यांनी खोबरेल तेल तळव्यावर घेऊन ते ऊन होईपर्यंत चोळले, फणी हातात कलमासारखी धरली, आणि भांग तीनदा काढला. ‘‘अहो, नाकाच्या शेंड्याच्या सरळीत बघा,’’ काकू म्हणाल्या. पेड घालताना मधला पेड कोणता हे ते दर वेढ्याला पुटपुटत. वेणी सैल झाली, एका बाजूला कलली, आणि शेवटी बांधायला रिबीन सापडेना म्हणून त्यांनी कचेरीच्या बस्त्यांना बांधतात ती लाल फीत आपल्या पिशवीतून काढून तिने गाठ मारली. पुढे अकरा वर्षे काकूंची वेणी त्याच फितीने बांधली गेली. आळीत कोणी त्यांना बायकी म्हणाले, कोणी देवमाणूस म्हणाले. मला दोन्ही शब्द त्या दृश्यापुढे अपुरे वाटतात, कारण दोन्ही शब्द काकांना ‘पुरुष’ या अनेकवचनाच्या तुलनेत मोजतात, आणि त्या सकाळी त्या खोलीत एक फणी, एक निकामी हात आणि सरळ न येणारा भांग यांखेरीज काही नव्हते.

पुढील बेचाळीस कैफियती कोणत्याही सिद्धान्ताच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. ज्या रविवारी जी सांगितली गेली त्याच अनुक्रमाने त्या आल्या आहेत, म्हणून एखादी लांब, एखादी तुटक, काही एकमेकींना छेद देणाऱ्या अशा आढळतील. सांगणारांची नावे गाळली आहेत, कामे ठेवली आहेत. छत्तीसगढी बोलणे शक्य तेथे मूळ शब्दांत राहू दिले, कारण क्रियापदाचे लिंग मराठीत आणताना मला पुष्कळदा विचारावे लागले, की ही गोष्ट ज्याची तो की ती, आणि सांगणाऱ्याने दोनदा तरी मला उलट विचारले की त्याने काय फरक पडतो. पहिली कैफियत एका सुईणीच्या नातवाची आहे. तो आता रिक्षा चालवितो. आजीची नाळ कापण्याची कात्री त्याने पितळेच्या डबीत जपून ठेवली आहे, आणि बोलायला बसण्यापूर्वी त्याने ती डबी आमच्या ओसरीवर उघडून सर्वांना दाखविली होती.